किल्ली कोणाकडे?

खेड्यातले ग्रंथालय बहुधा एका कपाटापासून सुरू होते. गावातली चार-पाच तरुण मंडळी एकत्र येतात, ग्रामपंचायतीची किंवा मंडळाची एखादी रिकामी खोली मागून घेतात, शहरात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांकडून पुस्तके जमवतात. कोणी लोखंडी कपाट देतो, कोणी सतरंजी, कोणी भिंतीवरचे घड्याळ. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होते, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. आणि मग, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, एक गोष्ट ठरून जाते: कपाटाची किल्ली कोणाकडे राहायची. ती साहजिकच सर्वांत अधिक राबलेल्या माणसाकडे जाते. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वाटण्याचे कारणही नसते. परंतु त्या ग्रंथालयाचे पुढे काय व्हायचे, हे पुष्कळदा त्या किल्लीवरच ठरते.

हा प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. ज्या कामासाठी मी एक पैसाही घेतला नाही, त्या कामावर माझा काही अधिकार उरतो की नाही? पगारी नोकराच्या मनात हा प्रश्न सहसा येत नाही. त्याला वेतन मिळाले की हिशेब मिटतो. स्वयंसेवकाचा हिशेब मात्र कधीच मिटलेला नसतो. त्याने आपल्या संध्याकाळी दिल्या, पदरचे पैसे खर्च केले, लोकांची दारे ठोठावली, टोमणे ऐकले. मोबदल्यात काहीच न मागितल्यामुळे त्याच्या मनात एक अदृश्य येणे साठत जाते. ‘हे माझ्यामुळे उभे राहिले’ हे त्याचे म्हणणे खरे असते. ‘म्हणून हे माझे आहे’ हे दुसरे म्हणणे मात्र इतक्या हलक्या पावलांनी त्याच्या पाठोपाठ येते की, दोहोंमधला उंबरठा आपण केव्हा ओलांडला हे त्याचे त्यालाही कळत नाही.

आपल्या देशातील जुन्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या करताना दोन क्रिया सांगितल्या आहेत. वस्तूवरचे आपले स्वामित्व संपवणे ही एक आणि ते दुसऱ्याचे करणे ही दुसरी. या दोन्ही घडल्या तरच दान पुरे झाले. आपण बहुतेक जण वस्तू देतो, स्वामित्व मात्र मागे ठेवून घेतो. ग्रंथालयासारख्या लहानशा लोककार्यात ही अर्धवट दाने जितकी स्पष्ट दिसतात, तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असतील. म्हणून त्याच निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करू.

नीलंपेरूरचा तरुण

केरळातील कुट्टनाड भागात नीलंपेरूर नावाचे गाव आहे. १९२६ साली तेथल्या एका सतरा वर्षांच्या तरुणाने गावकऱ्यांना हाताशी धरून एक लहानसे वाचनालय सुरू केले. त्याचे नाव पी. एन. पणिक्कर. पुढे ते शिक्षक झाले. एका गावाचे वाचनालय त्या गावापुरतेच राहिले, तर ते चालवणारा थकला की तेही थकते, हे त्यांनी ओळखले असावे. कारण १९४५ साली त्यांच्या पुढाकाराने त्रावणकोर संस्थानातील सत्तेचाळीस वाचनालयांचे प्रतिनिधी अंबलपुळा येथे एकत्र आले आणि त्यांचा एक संघ स्थापन झाला. १९५६ साली केरळ राज्य झाल्यावर तो साऱ्या राज्याचा ग्रंथशाळा संघ बनला. पणिक्कर गावोगाव हिंडत राहिले. ‘वाचा आणि वाढा’ एवढेच त्यांचे साधे सांगणे होते. बघता बघता सहा हजारांच्या आसपास वाचनालये या जाळ्यात आली. १९७५ साली युनेस्कोने या कार्याचा क्रुप्स्काया पुरस्काराने गौरव केला.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही यशस्वी कार्यकर्त्याच्या चरित्रात शोभेल अशी आहे. विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. १९७७ साली शासनाने हा संघ आपल्या ताब्यात घेतला. बत्तीस वर्षे ज्याची चिटणिशी सांभाळली, ती संस्था हातातून गेली. अशा वेळी माणसे कोर्टाची पायरी चढतात, वर्तमानपत्रांतून दुःख मांडतात, किंवा घरी बसून जुन्या दिवसांच्या आठवणी काढत राहतात. पणिक्करांनी त्याच साली प्रौढांच्या अनौपचारिक शिक्षणासाठी ‘कानफेड’ या संस्थेचे काम हाती घेतले. वाचणाऱ्यांसाठी पुस्तके जमवून झाली होती. आता ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्याकडे ते वळले. १९९१ साली केरळ हे संपूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले, त्यामागच्या अनेक दशकांच्या लोकश्रमांत हेही श्रम होते. १९ जून १९९५ रोजी पणिक्करांचे निधन झाले. पुढच्या वर्षापासून तो दिवस केरळात वाचनदिन म्हणून पाळला जातो.

संघ गेला तेव्हा त्यांना दुःख झाले नसेल असे नव्हे. परंतु एक संस्था हातातून गेल्यावर ज्याला करण्यासारखे काम लगेच समोर दिसते, त्याची नजर संस्थेवर कमी आणि माणसांवर अधिक असली पाहिजे. किल्ली गेली, ज्या दारासाठी ती किल्ली होती त्या दाराबाहेर उभी असलेली माणसे त्याला अजून दिसत होती.

अडगळ आणि दान

हक्क सोडण्याची पहिली कसोटी पुस्तक देतानाच लागते. ग्रंथालयासाठी पुस्तके द्या असे आवाहन केले की, पोत्यांनी पुस्तके येतात. त्यांत काय काय असते? दोन अभ्यासक्रम मागे पडलेली क्रमिक पुस्तके, परीक्षा होऊन गेलेली मार्गदर्शके, चार भागांच्या कादंबरीचा तिसरा भाग, एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल, वाळवीने पाने जोडून टाकलेले चरित्र. देणाऱ्याच्या घरातली जागा मोकळी होते आणि वर पुण्यही पदरी पडते. घेणाऱ्यांना संकोचामुळे नाही म्हणता येत नाही. खेड्यातल्या माणसाला काहीही चालेल, हा त्या पोत्यामागचा न बोललेला विचार आहे. आणि तो अपमानाचा आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. मद्रासमध्ये काम करणाऱ्या, मूळच्या गणिताच्या या प्राध्यापकाने सांगितलेली ती पाच वाक्ये आज जगभरच्या ग्रंथपालांना पाठ आहेत. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे. यांतले दुसरे सूत्र दात्याने उंबरठ्यावरच आठवावे. ‘माझ्याकडे काय उरले आहे?’ असा प्रश्न विचारणारा दाता स्वतःकडे पाहत असतो. ‘तेथल्या वाचकाला काय हवे आहे?’ असे विचारणारा दुसऱ्याकडे पाहत असतो. डोळे अधू झालेल्या आजोबांना मोठ्या टायपातली पोथी हवी असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला यंदाचे पुस्तक हवे असते, पाच वर्षांपूर्वीचे नव्हे. डाळिंबाच्या बागेवर रोग पडलेल्या शेतकऱ्याला त्या रोगाची माहिती हवी असते. या तिघांसाठी विकत घेतलेली तीन पुस्तके ही पोतेभर अडगळीपेक्षा मोठी देणगी आहे; कारण त्या तिघांना कोणीतरी आधी भेटले, त्यांचे ऐकून घेतले, हेही त्या देणगीत सामावलेले असते.

कुलपाचे तत्त्वज्ञान

दुसरी कसोटी कपाटाच्या कुलपाची. अनेक गावांतून असे दिसते की पुस्तके आहेत, नोंदवहीही सुबक अक्षरांत लिहिलेली आहे, पण पुस्तके काचेआड आहेत. वाचकाने यादीतून नाव सांगावे आणि आतून पुस्तक काढून द्यावे, अशी रीत. यादीतल्या नावावरून पुस्तक ओळखायचे तर ते आधी ठाऊक असावे लागते. ज्याच्या घरात कधी पुस्तक आले नाही, त्याला नाव तरी कोठून ठाऊक असणार? त्याला पुस्तक हातात घेऊन, चार पाने चाळून, चित्रे पाहून ठरवायचे असते. कुलूप चोराला अडवते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते सर्वांत आधी नवख्या वाचकाला अडवते.

यावर कोणी म्हणेल, पुस्तके उघडी ठेवली तर ती जातात. हा आक्षेप खोटा नाही. पुस्तके जातात, पाने फाटतात, पावसाळ्यात भिजून परत येतात. हरवलेले पुस्तक म्हणजे पुढच्या वाचकाचा हिरावलेला हक्क होय, आणि त्याची फिकीर नसणाऱ्याला उदार म्हणता येणार नाही. तो केवळ बेपर्वा आहे. म्हणून नोंद हवी, आठवण करून देणे हवे, वेळ पडल्यास दंडही हवा. परंतु दोन प्रकारचे सांभाळणे असते. एक, वाचकासाठी सांभाळणे. दुसरे, वाचकापासून सांभाळणे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, दोहोंनाही नोंदवही लागते. फरक इतकाच की, वर्षाअखेरीस पहिला माणूस किती पुस्तके फिरली ते मोजतो आणि दुसरा किती शिल्लक आहेत ते. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये अशी साखळ्यांची ग्रंथशाळा आजही पाहायला मिळते. त्या काळी एक ग्रंथ लिहून काढायला महिनेच्या महिने लागत. साखळीला तेवढे कारण तरी होते. आपल्या काचेच्या दाराला ते नाही.

या बाबतीत बडोद्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले. मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला फळ्यांपर्यंत मोकळेपणाने जाऊ देण्याची प्रथा पडली, आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या रवाना होऊ लागल्या. मात्र हे सारे राजाच्या आज्ञेने झाले असे म्हणणे अर्धवट ठरेल. त्याआधीच, १९०६ साली, मोतीभाई अमीन या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढून खेड्यांतली भूमी नांगरून ठेवली होती. गावकऱ्यांनी आपला वाटा उभा करावा आणि प्रांताने व सरकारने त्यात आपापला वाटा घालावा, अशी पद्धत तेथे रूढ झाली. पुढे या खात्याची धुरा वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बडोद्याच्या मराठी वाचकांना हा वारसा आपल्या घरचा वाटावा.

आमच्या साहित्याच्या इतिहासातही याच अर्थाची एक साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले; १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हे महाकाव्य आपल्या हाती आहे. कारण ते वाचले जात होते, आणि वाचणाऱ्यांनी ते हाताने उतरवून घेतले होते. १९०७ साली जोसेफ साल्डाना यांनी मंगळूर येथे त्याची मुद्रित आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखित प्रतींच्या आधारे. ज्यांनी बोरूने किंवा टाकाने ओव्यांमागून ओव्या उतरवल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. ग्रंथ टिकला तो वापरणाऱ्या हातांमुळे.

कोणत्या दारातून?

कुलूप निघाले तरी एक अडसर उरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ग्रंथालय कोणाच्या भिंतीला लागून आहे? देवळाच्या ओवरीत असेल, पाटलांच्या माडीखाली असेल, चर्चच्या सभागृहात असेल, नाहीतर एखाद्या पक्षाच्या कार्यालयाशेजारी असेल. ज्याने जागा दिली त्याचा हेतू शुद्धच असतो. पण गावातल्या प्रत्येकाला त्या पायरीवर सारख्याच मोकळेपणाने चढता येते काय? वस्तीवरचा मुलगा त्या दारात कसा उभा राहतो? दिवेलागणीला तरुण मुलांचा घोळका बसलेल्या खोलीत घरची सून पुस्तक बदलायला जाऊ शकते काय? ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावली म्हणजे दार सर्वांसाठी खुले होत नाही. जो कधीच आला नाही, तो का आला नाही, हे विचारायला आपल्याला त्याच्या दारी जावे लागते.

ग्रंथालयच घराबाहेर पडले, अशी सुंदर उदाहरणे आपल्या देशात आहेत. तंजावर भागातील मन्नारगुडी येथे कनकसभाई पिल्लै या निवृत्त अभियंत्याने बैलगाडीवर पुस्तकांची कपाटे चढवली आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये स्वतः रंगनाथन यांच्या हस्ते या फिरत्या ग्रंथालयाचा प्रारंभ झाला. केरळात आजही काही ग्रंथालयांच्या वतीने स्त्रिया पिशवीत पुस्तके घेऊन घरोघर जातात आणि ज्यांना घर सोडता येत नाही अशा बायकांना व वृद्धांना ती बदलून देतात. महाराष्ट्रात पाचगणीजवळच्या भिलार गावी ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. शासनाने पुस्तके व कपाटे दिली आणि गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या दिल्या. पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके अशी मांडली गेली की, वाटसरूने आत यावे, बसावे आणि वाचावे. आपल्या ओसरीवर परका माणूस तासभर पुस्तक वाचत बसला आहे, हे दृश्य ज्या घराला जड वाटत नाही, त्या घराने दानाचे दुसरे अंग पुरे केले आहे.

याच संदर्भात निवडीचाही प्रश्न येतो. स्वयंसेवकाला गाव सुधारायचे असते. म्हणून तो ‘चांगली’ पुस्तके आणतो. चरित्रे, वैचारिक ग्रंथ, बोधकथा. गावाला मात्र कधी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हव्या असतात, कधी पाककृतींची पुस्तके, कधी चित्रपटांची मासिके. अशा वेळी ग्रंथपालाच्या चेहऱ्यावर जी बारीकशी नाराजी उमटते, ती वाचक अचूक टिपतो आणि पुन्हा येत नाही. निवड करूच नये असे नाही. पैसे थोडे असतात, जागा थोडी असते. निवड करावीच लागते. परंतु आपण वाचकाच्या पुढ्यात ताट मांडतो आहोत की त्याला औषध पाजतो आहोत, हे स्वतःला विचारून पाहावे. रहस्यकथेच्या वाटेने वाचनाची गोडी लागलेली माणसे आपल्या ओळखीत कितीतरी असतील. ती न लागली तरी काय बिघडले? दिवसभर उसाच्या फडात राबलेल्या माणसाने रात्री एक गोष्ट वाचून सुखाने झोपावे, एवढेही फळ ग्रंथालयाला भूषणावह आहे.

फुकट श्रमांचा हिशेब

आता एका गैरसोयीच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. स्वयंसेवेची आपण इतकी थोरवी गातो, ती कोणाच्या जिवावर? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयांना शासन मान्यता देते, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग करते आणि वर्गानुसार अनुदान देते. राज्यात आज अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत, आणि त्यांतील फार मोठी संख्या खेड्यांत आहे. ही लोकशक्ती अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु लहान वर्गाच्या ग्रंथालयात रोज कुलूप उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, देवघेव सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याअखेर जे पडते, त्यात घर चालत नाही. वेतनश्रेणीची मागणी हे कर्मचारी कित्येक वर्षे करीत आले आहेत. त्यांना ‘ही तर सेवा आहे’ असे ऐकवणे सोपे आहे. ऐकवणाऱ्याला बहुधा दुसरीकडून पगार मिळत असतो.

सेवा ही ज्याला नाही म्हणता येते त्यानेच करायची गोष्ट आहे. ज्याला दुसरे काम मिळत नाही, किंवा ज्याला गावात तोंड दाखवायचे म्हणून नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून फुकट राबवून घेणे याला सेवा हे नाव देणे म्हणजे शब्दाचा आणि माणसाचा दोघांचाही अवमान आहे. रविवारचे दोन तास देणारा स्वयंसेवक आणि रोजचे काम ओढणारा ग्रंथपाल यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचे आभार मानावेत. दुसऱ्याला दाम द्यावा. आणखी एक हिशेब आपण क्वचितच मांडतो. गावच्या कार्यासाठी पुरुष रात्री उशिरापर्यंत बैठकीत बसतो, तेव्हा घरची चूल, मुले, गोठा कोणीतरी सांभाळत असते. त्याच्या सत्काराच्या शालीत त्या बाईच्या श्रमांचा धागा असतो, पण अहवालात तिचे नाव नसते.

अनुदान आले की लोकांची आस्था आटते, अशीही तक्रार ऐकू येते. काही ठिकाणी ती खरी ठरते: अनुदानासाठी कागद पुरे होतात, दार मात्र तपासणीच्या दिवशीच उघडते. पण त्याचा दोष अनुदानाला देणे हे चुकीचे निदान आहे. बडोद्याच्या पद्धतीत सरकारी वाटा होताच. त्याबरोबर गावाचाही वाटा होता. शासनाने आपले कर्तव्य करावे आणि गावाने आपला जिव्हाळा घालावा. एकाने दुसऱ्याच्या नावावर आपले काम टाकू नये, इतकेच.

खुर्चीवरून उठणे

शेवटची कसोटी सर्वांत अवघड. ज्याने ग्रंथालय वाढवले त्याने ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते. येथे दोन चुका होतात. एक, शेवटपर्यंत न देणे. मग अध्यक्ष म्हातारे होतात, नियम त्यांच्याबरोबर म्हातारे होतात, आणि नव्या मुलांनी सुचवलेले प्रत्येक काम ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांवर आपटून फुटते. दुसरी चूक म्हणजे कंटाळून एकाएकी सोडून देणे. खुर्ची रिकामी करणे आणि काम सोपवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सोपवायला वर्षे लागतात. आठवीतल्या मुलीला नोंदवही लिहू द्यावी, तिचे अक्षर वेडेवाकडे आले तरी लिहू द्यावी. यंदाची पुस्तके कोणती घ्यायची हे मुलांच्या बैठकीत ठरू द्यावे आणि त्यांची निवड आपल्याला रुचली नाही तरी ती पाळावी. तिच्या हातून एखादे पुस्तक हरवेल, एखादा हिशेब चुकेल. त्या चुकीचे मोल देऊन आपण ग्रंथालयाची पुढची वीस वर्षे विकत घेत असतो.

आज खेड्यातही प्रत्येक हातात मोबाईल आहे, मग ग्रंथालय कशाला, असे विचारले जाते. ज्या घरात सहा माणसांना एक खोली आणि त्या खोलीत दिवसरात्र टीव्ही आहे, त्या घरातल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारून पाहावा. त्याला पुस्तकाइतकीच एक खुर्ची, एक दिवा आणि दोन तासांची शांतता हवी असते. म्हणूनच अनेक गावांत ग्रंथालयाला जोडून अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. ज्यांनी ग्रंथालय काढले त्यांच्या मनात कदाचित कथा-कादंबऱ्या होत्या. गावाने त्यातून स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका घडवली. रंगनाथन यांचे पाचवे सूत्र हेच सांगते. सजीव वस्तू वाढते ती आपल्या स्वभावाप्रमाणे, लावणाऱ्याच्या मनातल्या चित्राप्रमाणे नव्हे.

या विषयात आपला, म्हणजे गावापासून दूर बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, बेंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी वाचकांचा वाटा कोणता? आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत वाचून झालेली पुस्तके आहेत आणि मनात एका गावाचे नाव आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरवून दाखवल्या आहेत. मोठी इमारत नसली तरी वाचक जोडता येतात, हे त्यावरून कळते. तेव्हा गावी पाठवायची पेटी भरण्यापूर्वी एक पत्र लिहावे: तुम्हाला काय हवे आहे? उत्तर येईपर्यंत थांबावे. पेटीवर आपले नाव मोठ्या अक्षरांत घालण्याचा मोह आवरावा. आणि पुढे कधी गावी गेल्यावर आपण दिलेली पुस्तके फाटलेली, खुणा केलेली, कव्हर बदललेली दिसली, तर ती वापरली गेली याचा आनंद मानावा.

ज्यांच्या हाती आज अशा एखाद्या संस्थेची किल्ली आहे, त्यांनी स्वतःला विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे, आणि त्याला अहवाल लागत नाही, तपासणी अधिकारी लागत नाही. आपण महिनाभर आजारी पडलो, तर गावातले ग्रंथालय संध्याकाळी पाच वाजता उघडेल काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपले कष्ट कितीही थोर असोत, आपण अजून ते गावाला दिलेले नाही. आणि उत्तर ‘होय’ असे आले, तर कोणी आपले नाव घेवो न घेवो, आपले दान पुरे झाले.